साधी बॉक्स्टर कीं 'एस'?

नवी मोटार घेणाऱ्यास निवड करणें सोपें असतें. दुकानदार किंमतींचा तक्ता पुढें ठेवतो, खिशाची मर्यादा आपोआप बोट धरते आणि माणूस त्या बोटामागून जातो. वापरलेल्या मोटारीची गोष्ट निराळी. वीस-बावीस वर्षांपूर्वी ज्या दोन गाड्यांच्या किंमतींत आठ-नऊ हजार डॉलरांचें अंतर होतें, त्या आतां जवळजवळ एकाच पायरीवर येऊन बसलेल्या असतात. मग मनुष्य स्वतःलाच विचारूं लागतो कीं, थोडक्यांत वरची मिळत असतां खालची कां घ्यावी? गेल्या वर्षीं हा प्रश्न आमच्या घरांत सुमारें चार महिने मुक्कामास होता.

आमचें बिऱ्हाड कॅलिफोर्नियांतील सनीव्हेल या गांवीं आहे. मातोश्री, आम्ही उभयतां, चिरंजीव, सूनबाई आणि नातू असा परिवार. येथें आलों तेव्हां वाटलें होतें कीं, एकत्र कुटुंब ही संस्था आपण पुण्यास सदाशिव पेठेंतच ठेवून आलों. परंतु या खोऱ्यांतील घरांच्या किंमतींनीं असा चमत्कार केला आहे कीं, चांगलीं मिळवतीं मुलें लग्न होऊनहि आईबापांच्या घरीं राहावयास येतात. वडिलांच्या धाकानें पुण्यांत जें झालें नाहीं, तें येथें घरांच्या भावांनीं करून दाखविलें आहे.

मोटार हवी होती ती आमच्या सौभाग्यवतींना. हें स्पष्ट सांगणें बरें, कारण ऐकणारा प्रत्येकजण अभिनंदन आमचेंच करतो. पैसाहि त्यांचाच; शेजारपाजारच्या मुलांना बावीस वर्षें गणित शिकवून त्यांनीं तो निराळा ठेवला होता. आमच्याकडे काम होतें तें कागद वाचण्याचें. या बाईंनीं पाव शतक सात जणांची एक बोजड व्हॅन चालविली. मुलांना शाळेंत पोंचविणें, पोहण्याच्या वर्गाला नेणें, रविवारच्या मराठी वर्गाला नेणें, पाहुण्यांना विमानतळावरून आणणें, आणि दरवर्षीं गणपतीची मूर्ति मांडीवर घेऊन बसलेल्या आम्हांला सांभाळून घरीं आणणें, हें सारें त्या व्हॅनमधून झालें. आतां साठी उलटल्यावर त्यांना वाटलें कीं, एखादी गाडी अशी असावी कीं जींतून कोणाला कोठें पोंचवावयाचें नाहीं.

यांत घाई होती ती एका गुडघ्यामुळें. त्यांच्या डाव्या गुडघ्याची कूर्चा झिजली आहे. पांच-सहा वर्षें निभावून जातील, पुढें शस्त्रक्रियेचा विचार करावा लागेल, असें डॉक्टरांनीं सांगितलें. डावा पाय म्हणजे क्लचचा पाय. तेव्हां 'आपोआप गियर बदलणारी गाडी घ्या' असा सल्ला ज्यानें त्यानें दिला. बॉक्स्टर ही टिपट्रॉनिक नांवाच्या तसल्या सोयीसह मिळतेहि. परंतु सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, तसली गाडी मी पंचवीस वर्षें चालविली. आतां गियर माझ्या हातानें बदलायचे आहेत. पाय दुखेल तेव्हां दुखेल." तो विषय तेथेंच संपला.

मातोश्रींची हरकत निराळी होती. त्यांनीं गाडीचें चित्र चष्म्याच्या वरून व खालून असें दोनदां न्याहाळलें आणि विचारलें, "दोघांचीच जागा? सहा माणसांच्या घरांत?" पुढें खरीखुरी गाडी पाहिल्यावर त्यांच्या नवलांत आणखी भर पडली. पुढचें झांकण उघडलें तर सामानाची जागा, मागचें उघडलें तरीहि सामानाचीच जागा. "मग इंजिन कोठें आहे रे?" हा त्यांचा प्रश्न अगदीं मुद्द्याचा होता. या गाडीचें इंजिन बैठकींच्या पाठीमागें व मागच्या चाकांच्या पुढें असें मधोमध दडविलेलें असतें; मालकाला तें सहसा दिसतच नाहीं. मागच्या सामानाच्या जागेंत तेल व पाणी घालण्याचीं तोंडें तेवढीं दिसतात. सहा सिलिंडर, तीन या बाजूस व तीन त्या बाजूस, आडवे निजविलेले. समोरासमोरचे दट्टे मुष्टियोद्ध्यांप्रमाणें एकमेकांच्या उलट हालचाल करतात, म्हणून त्या रचनेला बॉक्सर म्हणतात. आणि बॉक्सर व रोडस्टर या दोन शब्दांच्या संधींतून बॉक्स्टर हें नांव निघालें. संधि व्याकरणशुद्ध नसेल, पण नांव रुळलें आहे.

या गाडीचा जन्महि संकटांतलाच. १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत पोर्शे कंपनीचा खप फार घसरला होता. १९९३ च्या जानेवारींत डेट्रॉईटच्या प्रदर्शनांत बॉक्स्टरचा नमुना मांडला गेला आणि लोकांनीं तो उचलून धरला; १९९६ मध्यें गाडी बाजारांत आली. खर्च वांचविण्यासाठीं पुढच्या ९११ या थोरल्या गाडीचा व हिचा पुढचा भाग बहुतेक एकच ठेवला होता. थोरल्या भावाचा अंगरखा धाकट्याला घालण्याची रीत जर्मनींतहि आहे, हें वाचून आम्हांला बरें वाटलें. मागणी इतकी वाढली कीं, १९९७ पासून कांहीं गाड्या फिनलंडांतील उसीकाउपुंकी या गांवीं बांधून घ्याव्या लागल्या. गाडीच्या सतरा अक्षरांच्या क्रमांकांत अकरावें अक्षर 'एस' असलें तर ती स्टुटगार्टची, 'यू' असलें तर फिनलंडची. चिरंजीवांना फिनलंडच्या गाडीविषयीं उगीचच किंतु होता; त्याला आधार मात्र त्यांना दाखवितां आला नाहीं.

आतां मुख्य भेदाकडे वळूं. आमच्या ऐपतींत बसणाऱ्या गाड्या २००० ते २००२ या सालांच्या होत्या. त्या वेळच्या साध्या बॉक्स्टरचें इंजिन २.७ लिटरचें व २१७ अश्वशक्तीचें. 'एस' या वरच्या आवृत्तीचें ३.२ लिटरचें व २५० अश्वशक्तीचें. साधीला पांच गियर, 'एस'ला सहा. 'एस'चे ब्रेक मोठे, चाकें मोठीं, पुढें मधोमध पाणी थंड करणारा एक जादा रेडिएटर, आणि मागें धूर सोडणाऱ्या नळीला एकाऐवजीं दोन तोंडें. निर्मात्यांच्या आंकड्यांप्रमाणें ताशीं शंभर किलोमीटरचा वेग गांठण्यास साधीला ६.६ सेकंद लागतात व 'एस'ला ५.९. सेकंदाच्या सात दशांशांसाठीं माणसें किती शाई खर्च करूं शकतात, याची कल्पना आम्हांला पूर्वी नव्हती.

अशा प्रसंगीं साधी गाडी घेणारे लोक 'साधी तीच खरी, तीच तोलाची, वरची नुसती दिखाऊ' असें म्हणून मनाची समजूत घालतात. आम्हांला तें पटत नाहीं. कोल्ह्याच्या द्राक्षांचा हा न्याय आहे. कारखान्यांतून निघाली तेव्हां 'एस' ही जवळजवळ प्रत्येक बाबतींत सरस होती. तिचें वजन थोडें अधिक, पण तेवढें तिचें इंजिन सहज उचलतें. प्रश्न सरस कोण हा नव्हताच. तो सरसपणा बावीस वर्षांनंतर किती उरला आहे, आणि जो उरला आहे तो आमच्या रस्त्यांवर कोठें वापरावयाचा, एवढाच प्रश्न होता.

रस्त्यांविषयीं सांगावयाचें तर, आमच्या घरापासून जवळच साराटोगा गांवाहून नऊ क्रमांकाचा रस्ता सांताक्रूझच्या डोंगरांत चढतो आणि माथ्यावर पसतीस क्रमांकाच्या रस्त्याला, म्हणजे स्कायलाइनला, मिळतो. रेडवुडच्या उंच झाडांच्या सावलींतून वळणांमागून वळणें घेत जाणारे हे रस्ते मोटारींच्या शौकिनांचें तीर्थक्षेत्रच आहेत. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानें असल्या दुहेरी रस्त्यावर निराळी पाटी नसेल तर ताशीं पंचावन्न मैल ही कमाल मर्यादा. वळणांवर तर पंचवीस मैलांच्या सूचना असतात. साधी बॉक्स्टरसुद्धां ही मर्यादा दुसऱ्या गियरमध्येंच ओलांडते. म्हणजे 'एस'चे वरचे गियर या डोंगरांत केवळ पाहुण्यासारखे. चिरंजीवांचें म्हणणें असें कीं, शक्ति वेगासाठीं नसून चढावर व वळणांतून बाहेर पडतांना लागते. हें म्हणणें खोटें नव्हतें.

चार महिन्यांत ज्या गाड्या पाहिल्या त्यांपैकीं शेवटीं दोन उरल्या. एक २००१ सालची साधी, सांताक्रूझच्या एका निवृत्त शिक्षकाची, अडुसष्ट हजार मैल चाललेली. दुसरी २००२ सालची 'एस', चौऱ्याहत्तर हजार मैलांची, तिसऱ्या मालकाच्या हातांत असलेली. दोहोंच्या किंमतींत साडेतीन हजारांचें अंतर. शिक्षकाकडे एक जाड फाईल होती. तींत प्रत्येक तेलबदलाची पावती तारखेनिशीं लावलेली. दुसऱ्या मालकाजवळ कागद असा नव्हताच. तो तरुण सभ्य होता, पण पूर्वीच्या मालकांनीं काय केलें हें त्यालाहि ठाऊक नव्हतें.

कागदांना एवढें महत्त्व कां, हें थोडें समजावून सांगतों. या काळांतल्या बॉक्स्टरच्या इंजिनाच्या पोटांत एक मधला दांडा असतो व त्याच्या एका टोकाशीं एक छोटें बंद बेअरिंग असतें. तें फुटलें म्हणजे त्याचा चुरा इंजिनभर पसरतो, दट्टे व झडपा यांचा ताळमेळ सुटतो, आणि कांहीं क्षणांत सारें इंजिन निकामी होतें. फुटतें तें थोड्याच गाड्यांचें; परंतु २००१ ते २००५ या सालांच्या गाड्यांविषयीं अमेरिकेंत मालकांनीं दावा लावला आणि २०१४ सालीं न्यायालयानें त्यांतील तडजोड मंजूर केली, इतपत ती गोष्ट गाजली. ध्यानांत घेण्याजोगें हें कीं, हें बेअरिंग साधी व 'एस' असा भेद जाणत नाहीं. दोघींच्याहि पोटांत तें तसेंच असतें. खबरदारी म्हणून तें बदलतां येतें, पण त्यासाठीं गियरपेटी खालीं उतरवावी लागते. आणि गियरपेटी उतरविली म्हणजे क्लच समोरच उघडा पडतो, म्हणून शहाणा मालक दोन्ही कामें एकाच वेळीं करवून घेतो. शिक्षकाच्या फाईलींत नेमकी तशी पावती होती: बेअरिंग व क्लच, दोन्ही नवीं, नऊ हजार मैलांपूर्वी. 'एस'विषयीं काय तें देवाला ठाऊक.

दोन्ही गाड्या आम्हीं एका मेकॅनिककडून तपासून घेतल्या. हे गृहस्थ कोणत्याच दुकानाशीं बांधलेले नाहींत. पैसे घेऊन फक्त खरें सांगतात. त्यांनीं गाडीच्या नियंत्रक यंत्राला आपलें यंत्र जोडलें आणि जो हिशेब बाहेर काढला तो पाहून आम्हांला चित्रगुप्ताची आठवण झाली. इंजिन ठराविक मर्यादेपर्यंत ताणलें किंवा त्यापलीकडे फिरलें, तर हें यंत्र तें निमूटपणें लिहून ठेवतें. नोंदींचे दोन वर्ग असतात. पहिल्या वर्गांत, चालकानें पाय दाबून इंजिन सीमेपर्यंत नेलें तेवढें येतें. पुढें यंत्र स्वतःच आवर घालतें. दुसरा वर्ग वाईट. तेथें इंजिन सीमेच्या पलीकडे गेलेलें असतें, आणि तें बहुधा चुकून खालचा गियर पडल्यानेंच होतें; चाकें इंजिनाला फरफटत नेतात, मग आवर कोण घालणार?

आमची अपेक्षा होती कीं शिक्षकाची पाटी कोरी निघेल. ती निघाली नाहीं. पहिल्या वर्गांत त्यांच्या नोंदी 'एस'पेक्षां पुष्कळ अधिक होत्या! दुसऱ्या वर्गांत एकहि नव्हती. 'एस'च्या खात्यावर दुसऱ्या वर्गांतल्या थोड्या होत्या. फार जुन्या, बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या मालकाच्या कारकीर्दींतल्या. त्यानंतर गाडी इतकीं वर्षें नीट चालली तेव्हां घाबरण्याचें कारण नाहीं, असें मेकॅनिकनीं सांगितलें. शिक्षकांच्या नोंदींकडे पाहून मात्र ते हंसले आणि म्हणाले कीं, या माणसानें गाडी होती तेवढी सगळी वापरली. साध्या गाडीचें हें एक सुख खरेंच आहे. तिच्या अंगांत जेवढा जोर आहे तेवढा सर्व बाहेर काढून पाहावा, तरीहि माणूस तुरुंगाच्या फारसा जवळ जात नाहीं.

मग सौभाग्यवतींनीं दोन्ही चालवून पाहिल्या. शेजारच्या बैठकीवर आम्ही होतों. 'एस' चढावर लागली तेव्हां त्यांच्या चेहऱ्यावर जें दिसलें तें आम्हीं लग्नानंतर फार थोड्या वेळां पाहिलें आहे. त्या बोलल्या नाहींत, पण पुढच्या वळणाची वाट पाहत होत्या. गाडी खरोखरच उमदी होती. मात्र माथ्यावर पोंचेपर्यंत त्यांचा डावा हात दोनदां गुडघ्यावर गेला. तिचा क्लच जड होता. या गाड्यांचा क्लच झिजत चालला म्हणजे पायाखालीं जड लागूं लागतो, असें मेकॅनिकनीं आधींच सांगून ठेवलें होतें. दुसऱ्या दिवशीं साधी चालविली. तिचा पाय हलका, अगदीं शिवणयंत्राच्या पावट्यासारखा. चढावर ती कुरकुरली नाहीं, पण 'एस'सारखी उडालीहि नाहीं. सौभाग्यवती खालीं उतरल्यावर म्हणाल्या, "ही चांगली आहे. ती ह्याहून चांगली आहे." इतका निःपक्षपाती निकाल आम्हीं न्यायमंदिरांतहि ऐकलेला नाहीं.

त्या रात्रीं जेवणानंतर घरांत सभा भरली. चिरंजीवांनीं प्रस्ताव मांडला कीं, 'एस'च घ्यावी. तिचा क्लच व बेअरिंग बदलण्याचा खर्च आणि किंमतींतलें अंतर, दोन्ही ते स्वतः सोसतील. प्रस्ताव मनापासून होता. आईनें आपल्यासाठीं काय काय सोडलें हें ठाऊक असलेल्या मुलाचा होता, आणि तो ऐकून आम्हांला भरून आलें. सूनबाईंनीं हिशेब करून सांगितलें कीं, सगळें धरून साडेसात-आठ हजारांचा फरक पडेल, आणि काम हातीं घेण्यास चांगल्या कारागिरांकडे दोन-तीन महिन्यांची रांग आहे. मातोश्रींनीं जपमाळ खालीं ठेवली नाहीं, पण कान इकडेच होता.

सौभाग्यवतींनीं सगळें ऐकून घेतलें. मग म्हणाल्या, "अरे, तुझ्या पैशानें घेतली तर ती अर्धी तुझी होईल. तूं मागणार नाहींस, मला ठाऊक आहे. पण मीच दर वेळीं किल्ली उचलतांना तुला हवी आहे का म्हणून विचारीन. व्हॅन मी तशीच चालविली." थोडें थांबून त्यांनीं पुढें म्हटलें, "आणि दुसरें असें कीं, माझ्याजवळ पांच उन्हाळे आहेत. त्यांतला एक कारखान्यांत उभा करून ठेवायचा नाहीं."

चिरंजीव गप्प झाले. त्यांना थोडें लागलें असावें. दोन दिवस ते जेवतांना फारसे बोलले नाहींत. एकत्र कुटुंबांत देणाऱ्याचा हात परतविणें हें घेणाऱ्याच्या हातापेक्षां जड असतें. शेवटीं तोड काढली ती मातोश्रींनीं. त्यांनीं नातवाला, म्हणजे आमच्या चिरंजीवांना, बोलावून सांगितलें, "टायर जुने झाले आहेत ना त्या गाडीचे? ते तूं घाल. टायर झिजतात, त्यांच्यावर कोणाचा हक्क राहत नाहीं." हा तर्क कोणत्या शास्त्रांत बसतो हें आम्ही सांगूं शकत नाहीं, परंतु तो दोन्ही पक्षांना मान्य झाला.

साधी बॉक्स्टर घरीं आली. रंग निळा, अकरावें अक्षर 'यू'. नोंदणी एकट्या सौभाग्यवतींच्या नांवानें झाली. शिक्षकांनीं फाईलीबरोबर एक तोंडी सूचनाहि दिली. २००३ पूर्वीच्या या गाड्यांच्या टपाला मागची खिडकी कांचेची नसून प्लास्टिकची असते. टप खालीं घेतांना तिची घडी नीट पडली नाहीं तर ती दुमडून पिवळी पडते व अखेर तडकते. म्हणून घडींत मऊ कापड घालावें. टप उतरविण्याचा विधि असा: हातब्रेक ओढावयाचा, समोरच्या कांचेवरचा खटका सोडावयाचा, मग बटण दाबलें कीं बारा सेकंदांत छप्पर नाहींसें होतें. हा खेळ पाहण्यासाठीं नातवानें पहिल्या दिवशीं तो अकरा वेळां करावयास लावला. घडींत घालण्यासाठीं मातोश्रींनीं आपल्या एका जुन्या, धुवून धुवून मऊ झालेल्या पातळाचे दोन तुकडे शिवून दिले आहेत.

सौभाग्यवती मंगळवारीं सकाळीं सातला निघतात. त्या दिवशीं शिकवणी नसते आणि डोंगरांतले रस्तेहि मोकळे असतात. कोठें जातां असें आम्ही विचारीत नाहीं. दहाच्या सुमारास परत येतात. रात्रीं गुडघ्याला शेक द्यावा लागतो. तें काम आमच्याकडे आहे. परवांच्या मंगळवारीं त्या आल्या तेव्हां केसांत रेडवुडचीं दोन-तीन बारीक पानें अडकलेलीं होतीं. घरून काम करीत बसलेल्या चिरंजीवांनीं मान वर करून विचारलें, "आई, चढावर कमी पडते का ग?"

"पडते थोडी," त्या म्हणाल्या. "मग मी खालच्या गियरमध्यें घेते." किल्ली खुंटीला अडकवून त्या मुलांच्या गणिताच्या वह्या तपासावयास बसल्या.